कोण पाहिजे?

धोंडू. माझ्या थोरल्या दिरांचं नाव धोंडू. घेतलं बघा. जीभ झडली नाही, डोक्यावरचे पत्रे उडाले नाहीत. आता दिवसातून दहा वेळा घेते. ज्या दिवशी एकदाच घ्यायचं होतं त्या दिवशी मेली जीभ टाळूला चिकटली. ते मला मरेपर्यंत पुरणार आहे.

सत्तावन्न सालची गोष्ट. आम्ही भांडुपला खाडीच्या अंगाला राहत होतो, मिठागराच्या वाटेवर. माणसं मूळची मालवणकडची, परब. दोघे भाऊ गिरणीत लागायला म्हणून मुंबईत आले, शहरात जागा मिळेना म्हणून इकडे सरकले. थोरले हे धोंडू, त्यांची बायको शेवंती, आणि त्यांची एकुलती नलिनी, आठ वर्षांची. धाकटा गुणाजी, तो माझा नवरा. तो दोन वर्षांपूर्वी गेला होता.

कसा गेला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकदा पिऊन आला नि पेटती चूल लाथाडली. माझं डोकं फिरलं. अंगणात उभी राहून मी ओरडले, "गुणाजी, लाज वाटते का तुला?" नवऱ्याला नावानं हाक मारली, ती पण चारचौघांत. तिसऱ्या आठवड्यात विषमज्वरानं गेला. सासू तेव्हा जिवंत होती. तिनं माझ्या तोंडावर सांगितलं, नाव घेऊन माझ्या पोराचं आयुष्य खाल्लंस. आळीतल्या बायकांनी माना हलवल्या. मला ते खरं वाटत होतं असं नाही. वाटत नव्हतं असंही नाही.

थोरल्यांनी मला माहेरी पाठवलं नाही. "रत्ना हयच राहतली," म्हणाले, विषय संपला. असा माणूस. बोलणं कमी, काम जास्त. गिरणीतून कमी केलं तेव्हा चार महिने हमाली केली, मग घाटकोपरला रंगाच्या कारखान्यात लागले. घरी यायचे तेव्हा नखांत कधी निळा, कधी तांबडा. नलू त्यांचे हात बघून सांगायची, "आबा, आज हिरवा."

त्या हिवाळ्यात ते कारखान्यातून एक नवल घेऊन आले. नवल म्हणजे काय, एक आकडा. कारखान्यात फोन आला होता. बाहेरच्या माणसाला निरोप द्यायचा तर टाइमकीपरच्या खोलीत वाजायचा. थोरल्यांनी कोळसा घेतला नि चुलीच्या वरच्या भिंतीवर पाच आकडे काढले. आम्हाला दोघींना वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांनी ते आमच्याकडून पाठ करून घेतले.

"सहा, पूज्य, दोन, सात, चार," शेवंतीबाय म्हणाली.

"परत."

"सहा, पूज्य, दोन, सात, चार. अहो, पण ह्याचं करायचं काय?"

"काय अडलं-नडलं तर फोन करायचा. स्टेशनाकडच्या डॉक्टराकडे आहे, मोठ्या हॉस्पिटलात आहे. हा असा कानाला लावायचा." त्यांनी पितळेचा गडू उचलून कानाला लावला. "पलीकडचा विचारील, कोण पाहिजे? मग माझं नाव सांगायचं. दोन मिनिटांत मी फोनवर."

शेवंतीबायनं पदर तोंडात धरला. "मी सांगू नाव?"

"मग काय झालं? त्या माणसाला काय तुझं तोंड दिसतंय?"

"तोंड दिसत नाय म्हणून काय झालं? माका ठाऊक असतला ना, मी घेतलंय ते."

ते हसले. मी चुलीत लाकूड सारत होते, मी पण हसले. मग नलू उठली, तिनं गडू कानाला लावला आणि टाचा जुळवून शाळेत म्हणतात तसं म्हणाली, "हॅलो. धोंडू सोमा परब पाहिजेत. मी त्यांची मुलगी बोलते." एकदम खणखणीत. पोरीचा आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा.

"झालं तर," थोरले म्हणाले. "नलू सांगेल. तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या रहा."

तर आमच्या घरचा बंदोबस्त हा असा झाला होता.

मे महिना आला. त्या वर्षी ढग लवकर भरायला लागले. मिठागरावर मे म्हणजे मरण. सगळा हंगाम ओढलेलं मीठ वाफ्यांच्या कडेला ढीग करून पडलेलं असतं, ते पाण्याच्या आधी उचलून गोदामात पोचवायचं. एक सर आली की ढीग बसतो. मुकादम सकाळी छत्री बगलेत मारून बांधावर उभा राहायचा नि सांगायचा, जी आज चुकली तिनं पुढच्या हंगामाला तोंड दाखवू नये. आम्ही दोघी तिथेच कामाला, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जायचो. ओलं मीठ डोक्यावर घेतलं की टोपलीतून पाणी झिरपतं, मानेवरून पाठीत जातं, डोळ्यांत जातं. पायांच्या भेगांत शिरलं की सुरुवातीला ओरडावंसं वाटतं, मग दुपारपर्यंत पाय आपले राहत नाहीत. शेवंतीबाय बारीक होती, पण माझ्यापुढे दोन खेपा असायची. एवढ्याशा मानेवर ती कसं पेलायची ते तिलाच ठाऊक.

मंगळवारी नलू म्हणाली, गळा दुखतो. आम्ही तिला हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. आंबा खाल्ला असशील म्हणाले मी. बुधवारी ताप होता. थोरले पहिल्या पाळीला पहाटेच जायचे, त्यांनी जाताना कपाळाला हात लावून बघितला आणि शेवंतीबायला म्हणाले, "उतरला नाय तर डॉक्टराकडे ने." शेवंतीबायनं ढगांकडे बघितलं. शेजारच्या म्हातारीला पोरीकडे बसवलं आणि आम्ही दोघी कामावर गेलो. हे मी लपवत नाही. गेलो. त्या दिवशी शेवंतीबायनं मोजून माझ्यापेक्षा कमी खेपा केल्या, एवढंच.

गुरुवारी सकाळी पोरीची मान सुजून हनुवटीला लागली होती. श्वास घेताना आवाज यायचा, ओलं लाकूड करवतीनं कापताना येतो तसा. बोलायला गेली तर नुसती हवा. थोरले तेव्हा कामावर निघून गेले होते. अंधारात त्यांना वाटलं, पोर झोपलीय.

शेवंतीबायनं तिला पाठुंगळी घेतलं. मुकादम बांधावर उभा होता, त्याच्या पुढ्यातून आम्ही गेलो. "परबीण, टोपली कुठे?" तो म्हणाला. तिनं वळून बघितलं नाही. स्टेशनाकडच्या डॉक्टरानं पोरीचं तोंड उघडून बॅटरी मारली नि आम्हाला आत पण घेतलं नाही. चिठ्ठी दिली, म्हणाला, "घटसर्प आहे. मुलुंडला हॉस्पिटलात न्या. आत्ता."

मुलुंडचं ते हॉस्पिटल नवीन होतं. भिंतींना चुन्याचा वास. त्यांनी पोरीला आत नेलं, सुई दिली. चिठ्ठीवर पोरीचं नाव त्या डॉक्टरानंच लिहून दिलं होतं, पुढे फक्त परब. बापाचं नाव कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. अर्ध्या तासानं एक तरुण डॉक्टर बाहेर आला. घामानं त्याचा चष्मा खाली घसरत होता.

"आई कोण?"

शेवंतीबाय उभी राहिली.

"बाई, सुईचा गुण यायला वेळ लागेल. तेवढा वेळ मुलीकडे नाही. घशात पडदा धरलाय, श्वास अडतोय. मानेला पुढून भोक पाडून नळी घालावी लागेल. इथे अंगठा द्या."

"मानेला?"

"हो."

"गळो कापतलात?"

"कापायचा म्हणजे छोटंसं भोक. मग भरून येतं. अंगठा द्या लवकर."

शेवंतीबायनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "त्यांका विचारल्याशिवाय मी कसो देऊ?"

"बाई, वेळ नाहीये."

"एकुलती आहे डॉक्टर. गळो कापून काय झालं तर मी त्यांका काय सांगू? तुम्ही त्यांका विचारा. ते हो म्हणाले की हो."

डॉक्टर माझ्याकडे वळला. मी तरी काय सांगणार? नवरा खाऊन बसलेली बाई मी, दुसऱ्याच्या पोरीच्या गळ्याला हो कशी म्हणू? मी म्हटलं, "मी जाते. घाटकोपरला कारखाना आहे. गाडीनं जाऊन त्यांना घेऊन येते." पदर खोचून मी निघाले पण होते.

"कशाला जाता?" टेबलामागचा कारकून म्हणाला. "जाऊन यायला तुम्हाला दीड तास. फोनला दोन मिनिटं. नंबर आहे का?"

"सहा, पूज्य, दोन, सात, चार," आम्ही दोघी एकदम म्हणालो. डॉक्टर सुद्धा बघत राहिला.

"शाब्बास," कारकून म्हणाला.

"लवकर करा," डॉक्टर म्हणाला नि आत गेला. आणि मी खोचलेला पदर सोडला. दोन मिनिटांसाठी कोण गाडीनं जाणार? मी परत येऊन उभी राहिले. ते पाऊल मी मागे घेतलं ते अजून माझ्या पायात आहे.

कारकुनानं फोन जोडायला सांगितला. थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "हां, वाजतोय. घ्या, बोला." तेवढ्यात दारात गलका झाला. खाणीवरचा ट्रक उलटला होता, चार-पाच माणसं रक्तानं भरलेली आणली होती. कारकून फोन शेवंतीबायच्या हातात देऊन कागद घेऊन तिकडे धावला.

तिनं तो गडूसारखा कानाला लावला. मी माझा कान तिच्या कानाशी नेला. आतून यंत्रांची घरघर येत होती. मग माणूस बोलला.

"हॅलो. कोण पाहिजे?"

शेवंतीबायनं आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्यांना बोलवा," ती म्हणाली.

"कोणाला?"

"ह्यांना. घरात पोर आजारी आहे म्हणून सांगा."

"अहो बाई, ह्यांना म्हणजे कोणाला? नाव बोला ना."

"परब."

"परब? इथं चौदा परब आहेत. कुठला परब?"

"भांडुपचे."

"पत्ते कोण लिहितंय इथं? खातं कुठलं?"

"रंगाचं."

तिकडे कुणीतरी हसलं. "बाई, रंगाचा कारखाना आहे हा, सगळेच रंगाचे. नाव सांगा, एका मिनिटात बोलावतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. आयुष्यात कुणी माझ्याकडे तसं बघितलं नाही. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. आमच्या आळीत कुणालाही सांगितलं असतं, नलूच्या आबांना बोलवा, तर पोर-टोर धावत गेलं असतं. तिथे तोंड बघून माणूस कळतो. ह्या काळ्या दांड्याला तोंड नव्हतं. त्याला नाव पाहिजे होतं नि नुसतं नाव.

"तू सांग गो," ती मला म्हणाली. "रत्ना, तू सांग."

मी फोन घेतला. थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. पण ते कारण नव्हतं, खोटं कशाला बोलू? मला गुणाजी दिसत होता, तापात आढ्याकडे बघत पडलेला. घरात कमावता एकच पुरुष उरला होता, नि त्याचं नाव माझ्या तोंडातून. मी म्हटलं, "उंच आहेत. कपाळावर वण आहे. पोर आठ वर्षांची आहे त्यांची, नलिनी नाव तिचं."

"पोरीचं नाव सांगतायत," तो तिकडे कुणाला तरी म्हणाला. परत हसण्याचा आवाज. मग मला म्हणाला, "बरं, थांबा. बघतो."

खट्ट झालं. मग परत घरघर सुरू झाली, एकसारखी, न थांबता.

"काय म्हणाला?"

"थांबा म्हणाला. बघतो म्हणाला."

"तो गेलो असतलो बोलवूक," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. "यंत्रं चालू आहेत. ऐक."

आम्ही ऐकत उभ्या राहिलो. एकदा तिच्या कानाला, एकदा माझ्या. घरघर चालूच होती. माणूस थांबा म्हणून गेला की परत येतो, एवढंच आम्हाला माहीत. कारखाना मोठा आहे, चौदा परबांना विचारत फिरत असेल, वेळ लागणारच, असं मी तिला सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळातलं मला कळत नव्हतं. बाकावरचं ऊन सरकून जमिनीवर आलं. एकदा मी म्हटलं, मी जाते ना गाडीनं, तर ती माझं मनगट धरून म्हणाली, "आता ते येतले नि तू वाटेत चुकशील. थांब." कामानं तिच्या हातांना घट्टे पडलेले, ती पकड मला दुखली.

आतल्या दारातून एक नर्स आली. "झाला का फोन? डॉक्टर विचारतायत."

"बोलवूक गेलेत," शेवंतीबाय म्हणाली.

नर्स आत गेली. दार लागेपर्यंत आम्हाला नलूचा श्वास ऐकू आला. एक आला, मग बराच वेळ काही नाही, मग एक आला.

शेवंतीबायनं फोन दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले. "धोंडू," ती म्हणाली. आधी हळू. मग मोठ्यानं, "धोंडू सोमा परब. ऐकलंत? धोंडू सोमा परब. मी त्यांची बायको बोलते." बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. शेवंतीबाय परत परत तेच सांगत होती, नलूनं गडूत सांगितलं होतं त्याच शब्दांत, त्या घरघरीला.

कारकून हात पुसत आला. त्यानं तिच्या हातातून फोन घेतला, कानाला लावला.

"हा तर केव्हाचा बंद आहे," तो म्हणाला. "कोणाशी बोलताय?"

"यंत्रं चालू आहेत ना," मी म्हटलं.

"कसली यंत्रं? फोन ठेवला की असाच आवाज येतो." त्यानं परत जोडायला सांगितलं. लाइन मिळेना. परत सांगितलं. त्यानं घड्याळाकडे बघितलं नि आमच्याकडे बघायचं टाळलं. "पाऊण तास झाला," तो म्हणाला.

शेवंतीबाय आतल्या दाराकडे धावली. "खंय लावू अंगठो? डॉक्टर, खंय लावू?" त्यांनी शाई पुढे केली. घाईत तिनं सगळा तळवा शाईत बुडवला. कागदावर अंगठा उठला तो फाटका, भेगांचा. त्यांनी पोरीला आतल्या खोलीत नेलं. आम्ही दाराबाहेर भिंतीला पाठ लावून बसलो. फार वेळ लागला नाही. डॉक्टर बाहेर आला, त्यानं चष्मा काढला, आणि मला म्हणाला, "अर्धा तास आधी अंगठा दिला असता तर." मला म्हणाला. तिच्याकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

थोरले संध्याकाळी आले. घरी गेले होते, म्हातारीनं स्टेशनाकडच्या डॉक्टराकडे धाडलं, त्यानं मुलुंड सांगितलं, तसेच तिथून धावत आले. हातांना त्या दिवशी पिवळा रंग होता. त्यांना आत नेऊन दाखवली. बाहेर आले ते एकदम शेवंतीबायवर आले.

"फोन का नाय केलात? भिंतीवर कशाला लिहून ठेवला होता मी? एवढा पाठ करून घेतला तो कशाला? मी आलो असतो. अर्ध्या तासात आलो असतो."

ती खाली बघून बसली होती. तळहाताची शाई लुगड्याला पुसत होती, ती काही जात नव्हती.

मी म्हटलं, "भावोजी, केला आम्ही फोन."

"कधी?"

"दुपार व्हायच्या आधी. त्या माणसानं विचारलं, कोण पाहिजे. आम्ही परब म्हणालो, भांडुपचे म्हणालो. नलूचं नाव पण सांगितलं." मला पुढचं बोलवेना. पण बोलले. "तुमचं नाव नाही सांगितलं. माझ्या तोंडून निघालं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते तिथेच फरशीवर बसले.

"दुपारी डबे खाताना," ते म्हणाले. "टाइमकीपर येऊन सांगत होता. म्हणाला, आज एक फोन आला, दोन बायका होत्या. ह्यांना बोलवा म्हणतात. कोणाला, तर ह्यांना. खातं कुठलं, तर रंगाचं. नक्कल करून दाखवली त्यानं. सगळं खातं हसलं."

मी म्हटलं, "पोरीचं नाव सांगितलं होतं मी त्याला."

"ते त्यानं सांगितलं नाय. त्याका कशाला ध्यानात राहतंय?" ते जमिनीकडे बघून बोलत होते. "मी पण हसलो, रत्ना. भाकर घशात अडकेपर्यंत हसलो. मी म्हटलं, कोण ह्या अडाणी बायका, ह्यांच्या नवऱ्याची कमाल आहे."

बाकांवर कुणी नव्हतं. कारकुनानं दिवा लावला. आतून नर्स आली, म्हणाली, मुलीला न्यायला हवं, किती वेळ ठेवणार? थोरले हलले नाहीत. मी हाक मारायला गेले, तर भावोजी एवढं सुद्धा निघेना.

शेवंतीबाय उठली. डोक्यावरून पदर खाली आला होता, तो तिनं वर घेतला नाही. त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"धोंडू," ती म्हणाली. "ऊठ. तिका उचलूची हा."

त्यांनी मान वर केली. "ओ," म्हणाले, आणि उठले.